जावईबापूंचा चंद्र

...आणि तेही सकाळी अकराला! चंद्रावरची रचना, आणि कार्यक्रम सकाळी अकराला, कारण म्हणे संध्याकाळचा हॉल मिळाला नाही! बाहेर लख्ख ऊन, आत पडदे ओढून अंधार केलेला, आणि लोक माना डोलावत डोळे मिटून बसलेले. तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, पण एवढं सामुदायिक पेंगणं शेवटच्या बाकांवरही पाहिलं नाही!

लेक म्हणाली, "बाबा, नवी रचना आहे त्याची. तुम्ही पहिल्या रांगेत हवेत." त्याची म्हणजे आमच्या जावईबापूंची. या गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी पुलांचे नकाशे काढायची सोन्यासारखी नोकरी सोडली आणि ते कपाटाएवढं उभं व्हायोलिन घेतलं, डबल बास म्हणतात त्याला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे बोलतो, पण लेकीमार्फत. रविवारी जेवायला येतात, एकाच टेबलाशी बसतो, आणि, "त्याला म्हणावं, मीठ सरकव." "बाबांना सांग, त्यांच्यापुढेच आहे."

तर जॅझ. तिघं जण. पियानोवर एक दाढीवाला, एक सूर दाबायचा आणि छताकडे असं बघायचं की वरून गळतंय की काय... आणि ड्रमवाला तर ढोलावर चक्क झाडू मारत होता! खोटं नाही हो, हातात तारांचे दोन झाडू, आणि सर्र... सर्र... सर्र... आता मला सांगा, यात चंद्र कुठे आहे?

शेजारच्या बाई कानाशी कुजबुजल्या, "त्या सुरांमधली शांतता ऐका, शांतता!" अहो बाई, शांतता ऐकायला एवढ्या लांब कशाला येऊ? दर रविवारी जावयासमोर बसून ऐकतोच की!

मग वेळ कसा काढायचा? मोजायला लागलो. सवय, दुसरं काय! हातातल्या कागदावर छापलेलं, 'चंद्राच्या अठ्ठावीस रात्री'. इथंच चूक, चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, पण यांना कोण सांगणार? जावईबापू तेच चार सूर वाजवत होते, धुम् धुम् धुम् धूंऽऽ, अठ्ठावीस वेळा, मग सूर बदलायचे. पुन्हा अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस. आणि चौथ्या खेपेला... सत्ताविसालाच बदलले! दाढीवाला दचकला, झाडू अडखळला, क्षणभर तिघंही तीन दिशांना, आणि सावरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमक्या तिथंच!

संपल्यावर बाहेर ही गर्दी. "अप्रतिम!" "अलौकिक!" शेजारच्या बाई म्हणाल्या, "मी तर चंद्रावर जाऊन आले!" म्हटलं, मग राहायचं की तिथंच! लेकीनं मला पुढे ढकललं. मी तिलाच म्हटलं, "त्याला म्हणावं, चौथ्या खेपेला एक फेरी गाळलीस."

"बाबा!" लेक ओरडली. जावयाचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, झालं, आता रविवारचं जेवणही बंद.

आणि हा माणूस दोन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणतो, "बाबा... तुम्ही मोजत होतात?"

"मग काय करणार होतो?"

"घाम फुटला हो मला तेव्हा. इतकी माणसं, सगळे अप्रतिम म्हणतायत... ऐकलंत ते तुम्ही एकट्यानं!" आणि मी, शहाणा, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला तो ठेवला, काढायचा कधी तेच कळेना!

बस, तिथंच फसलो. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या तालमीला मी, स्टुलावर, त्या कपाटाला खेटून, बोटांवर अठ्ठावीस मोजतोय. झाडूवाला मधेच विचारतो, "सर, किती झाले?" म्हटलं, एकोणीस, आणि यात चंद्र कुठे आहे ते अजून कळलेलं नाही.

काल दाढीवाला म्हणाला, "सर, पुढची रचना शनीवर. दोन तासांची. तुम्ही लागणारच." म्हटलं, करा बाबांनो... शनी मागे लागल्यावर आपलं कोण ऐकतो!