गणपती टाकला की बंद

मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं म्हणता ना? ऐका मंग.

मंठ्याला आमच्या सूनबाईचं टायपिंगचं दुकान होतं. प्रोग्राम फुकटातला, चार देशांच्या लोकांनी मिळून बनवलेला. एका पोरीची लग्नपत्रिका छापायला घेतली की तो बंदच पडायचा. पोरीचा बाप बाकावर बसून राह्यला होता. सूनबाईनं बनवणाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं अन् मला अर्थ सांगितला. "महोदय, विनंती अर्ज करते की प्रोग्राम चालत नाही, तरी मेहेरबानी व्हावी." खाली गाव, तालुका, जिल्हा.

मी म्हणलं, "हे तहसीलदाराला धाड. मी जन्मभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. गिऱ्हाईकाला पहिलं इचारायचो, काय केल्यावर बंद पडली?"

"मामा, मी काहीच केलं न्हाई."

"मंग माझ्यासमोर पुन्हा कर."

गणपतीचं चित्र टाकलं की बंद, काढलं की बराबर छपाई. पण पोरीचा बाप म्हणला, "गणपतीबिगर पत्रिका सोयरे हातात धरायचे न्हाईत."

मंग सूनबाईनं 'हे चित्र टाकलं की बंद, काढलं की चालू' एवढंच लिहिलं अन् चित्रासकट धाडलं. दोन दिवसांत दुरुस्त प्रोग्राम आला. सोबत बनवणाऱ्यांतल्या एकाची चिठ्ठी, "नीट कळवलंत, आभार. तुमचा हत्ती आता छापला जाईल."

सूनबाई म्हणाली, "मामा, हत्ती न्हाई म्हणून कळवू का?"

म्हणलं, "त्यानं आपलं काम केलं. आता त्याच्या चुका काढू नको, पत्रिका छाप."