वाघछाप काडेपेटी

हसा, हसा. बिडीला काडी नको, चुलीतला निखारा द्या म्हटलं की तुम्हाला गंमत वाटते. ऐका मग.

मी तेव्हा मुंबईच्या एका काडेपेटी कारखान्याचा फिरता एजंट होतो. जव्हार संस्थानात आमचा माल काही खपेना. मी माझ्या साहेबांना म्हटलं, "पेटीवर फुलं कसली छापता? वाघ छापा. इथले लोक वाघोबाला देव मानतात." साहेबांनी जाऊन मालकांना सांगितलं, "मला एक कल्पना सुचली आहे."

खोडाळ्याच्या बाजारात वाघाच्या पेट्या दुपारच्या आत संपल्या. साहेबांना शाबासकी मिळाली, वर शाल मिळाली. पुढच्या बाजारापासून मात्र एकही पेटी खपेना. तेव्हा साहेब मला घेऊन स्वतः पाड्यावर आले. बघतो तर घरोघर पेटी देवाजवळ ठेवलेली, वाघाला शेंदूर फासलेला, आत काड्या जशाच्या तशा.

मी एका म्हातारीला विचारलं, "आजी, काडी ओढत का नाही?"

"वाघोबाच्या अंगावर काडी घासू?"

"मग दुसरी पेटी तरी घ्या."

"दुसरी कशाला? देव काय सरतो?"

साहेब तडक घाट उतरले. मुंबईत मालकांसमोर चटकन म्हणाले, "वाघाची कल्पना याची होती."

आयुष्यात एकदाच त्या माणसानं मला श्रेय दिलं, आणि त्याच दिवशी माझी नोकरी गेली.

द्या तो निखारा इकडे.