किल्ली पदरात, गाडी धुक्यात

मंडळी, आपला संसार चालतो — तो कुणाच्या जिवावर? पुढं बसलेल्या पुरुषमंडळींनी उत्तराची घाई करू नये. घरची माणसं मागंच बसलीत!

तर ऐका. घाटमाथ्यावरचे रंगराव. नवीकोरी गाडी घेतली, पूजेला देवीच्या देवळापुढं आणली. बिनकिल्लीची गाडी! म्हणजे किल्ली असते बरं का — पण खिशात. गाडी हळूच साद घालते. जवळ असलेली किल्ली ती साद ऐकते, आपली खूण सांगते. खूण पटली की दार उघडतं. किल्ली आत असली की बटण दाबायचं, इंजिन सुरू.

गुरव म्हणाला, "इंजिन चालूच राहू द्या. किल्ली तेवढी द्या, देवीच्या पायाला लावतो."

लावली. आणि रीतीप्रमाणं नारळ, कुंकू, किल्ली — सगळं रंगरावांच्या बायकोच्या, इंदुमतीच्या पदरात घातलं. तिनं गाठ मारली. चाकाखाली लिंबं फुटली. गुरव गाभाऱ्यात गेला.

इंदुमती म्हणाली, "पहिली फेरी माझ्या आईकडं नेऊया. अंथरुणाला खिळलीय ती."

"आज दोस्त थांबलेत हॉटेलात. तुझी आई कुठं पळून जातेय?"

बोलू नये ते बोलले! इंदुमतीचे डोळे भरले. "मग मी चालत जाते. आणि आता तिथंच राहते. वाट बघू नका."

"राहा की," म्हणाले, आणि निघाले. गाडी बिचारी पीं-पीं करून सांगतेय, किल्ली बाहेर राहिली! यांना वाटलं, पट्टा लावला नाही म्हणून. लावला पट्टा. आणि मंडळी, गाडी धावली की! धावत्या गाडीचं इंजिन किल्ली दुरावली म्हणून बंद पडत नाही. भर रस्त्यात बंद पडलं तर माणूस मरायचा, म्हणून तशी सोय.

घाटात धुकं उतरलेलं. रस्ता पुढून उलगडतोय, मागून मिटतोय. झाडं येतात, विरघळतात. गाडीचा आवाज नाही, धक्का नाही. रंगरावांना वाटलं, आपण ढगातून चाललोय. "बघ गं —" म्हणून ते शेजारी वळले. शेजारी नुसता झेंडूचा वास.

गाडी कडेला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. घोटभर पाणी प्यायले, बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. समोर अक्षरं उमटली — किल्ली सापडत नाही. आता गाडी साद घालतेय, आणि ऐकणारं कुणी नाही.

रंगराव चालत मागं निघाले. देवळापाशी कुणी नाही. माहेरच्या पायवाटेवर हात पुढं केला तर हात दिसेना. आणि हाक काय मारायची? जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. धुक्यात ते कुणाला कळणार?

"इंदुमती," ते म्हणाले. मग मोठ्यानं, रडवेल्या आवाजात, "इंदुमती, थांब गं."

चाचपडत चार पावलं पुढं टाकली. मग अगदी जवळून, "इथं आहे मी."

ती दगडावर बसलेली. तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली पुढं धरली. "घ्या. हिच्यासाठीच आलात ना?"

"निघालो हिच्यासाठीच," रंगराव म्हणाले. खोटं बोलवेना. "पण वाटेत भीती वाटली ती तू हरवशील याची. किल्ली असू दे तुझ्याकडं. चल, आईकडं चालत जाऊ."

गाडी संध्याकाळपर्यंत धुक्यात उभी होती. सासूबाईंनी ती पाहिली नाही, जावई पाहिला.

मंडळी, गाडी पळतेय म्हणून निर्धास्त राहू नका. किल्ली मागं राहिली तरी ती पळते — थांबेपर्यंत. आज घरी जाल, दाराशी पोचाल, तेव्हा एकदा शेजारी बघा. आणि कुणी नसेल, तर नावानं हाक मारा.