इसोगाईच्या दोन ओळी

...अस्सल आहे हो हे व्हिडिओगेमचं कार्ट्रिज, लेबल फिकटलंय एवढंच. सत्त्याऐंशी सालचं. पण खेळ अगदीच सुमार होता, बाई — काय? खेळायचा नाहीये? मग? बघू तो फोन — थांबा, चष्मा — हां. 'जुन्या खेळाच्या चिपमध्ये सापडला दडवलेला मजकूर.' बरं. म्हणजे कुणीतरी चिप वाचून आतलं सगळं नेटवर टाकलंय, आणि खाली चारशे लोक हसतायत. "नागुमोसान, छातीत दुखतंय. एक दिवस घरी जाऊ द्या. इसोगाई." प्रोग्रामरची गंमत म्हणे! हसण्यासारखं काय आहे यात?

नाही, नागुमो कोण ते मला नाही ठाऊक. ओसाकात ढीगभर नागुमो असतील. दुकानाची पाटी वाचलीत ना — ओकिता. मी आपला जुनी यंत्रं दुरुस्त करतो. पण गंमत नाही हं ती, हे लिहून घ्या. इसोगाईला गंमत करताच यायची नाही. सव्वीस वर्षांचा पोरगा, बोलताना मान खाली — टेबलाखाली पुठ्ठा अंथरून झोपायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गार ओनिगिरीवर, भाताच्या मुटक्यांवर, दिवस काढायचा. सलग एकेचाळीस दिवस. नाताळाच्या आधी खेळ बाजारात यायला हवा होता ना, मग कोण कुणाला घरी सोडतंय?

मला कसं ठाऊक? होतो मी तिथं. त्याच खोलीत होतो — असं बघू नका. कंपनी कधीच बुडाली, माणसं पांगली. नंतर मी बायकोच्या माहेरचं हे दुकान घेतलं, नावही तिच्याच घरचं लावलं. त्यात काय, पुष्कळ जण लावतात.

चिपमध्ये का लिहिलं म्हणता? तोंडानं का नाही सांगितलं? कारण नागुमो माणसांकडे बघायचाच नाही! कुणी समोर उभं राहिलं तरी मान वर नाही — कागद, फक्त कागद. चिप कारखान्यात जाण्याआधी आतला सगळा मजकूर छापून ओळ न् ओळ तपासायचा. इसोगाईला ते पक्कं माहीत होतं. म्हणून त्यानं नेमकं तिथं लिहिलं, जिथं मी वाचणारच होतो.

...

हो. मी. वाचलं ना — वाचलं, दोनदा वाचलं. तो समोरच बसला होता, पाच पावलांवर, पाठमोरा. आणि मी काय विचार केला, सांगू? रिकामी जागा आहे, खेळाला अडथळा नाही, पुसत बसलो तर परत सगळं तपासावं लागेल. असू दे. शिक्का मारला. घरी नंतर जाईल म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न — तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुठ्ठ्यावरून उठलाच नाही.

त्याच्या आईला फोन मीच केला. तोत्तोरीला असायची. म्हटलं, त्यानं कधी काही सांगितलंच नाही हो, सांगितलं असतं तर आम्ही सोडलं नसतं का? आणि ती बाई — ती उलट माझीच माफी मागत होती. लहानपणापासून असाच घुमा आहे म्हणाली, तुम्हाला फार त्रास झाला असेल. मी म्हटलं, नाही नाही, त्रास कसला.

म्हटलं मी असं.

काय लिहायचं ते लिहा. नाव घाला — नका घालू — घाला. ते कार्ट्रिज उचला आधी. आज दुकान बंद. निघा तुम्ही.