खटक्याला टांगलेला डबा

लाइन गेली. लाइन तुंबली. लाइन वाकडी आलीय, उतरव विटा. पोरानं लाइन बदलली, आता डॉक्टर होत नाही म्हणतो. काकू, दर्शनाला लाइनीत या, लाइनीत.

तर मंडळी, आजच्या कीर्तनाचा प्रश्न असा — आपल्या हातून दुसऱ्याच्या जिवावर बेतेल असं काम असलं, तर ऐकलेल्या शब्दावर जावं, की उठून त्या माणसाला बघून यावं? सोपं वाटतंय? थांबा जरा.

आपण बसलोय तो हा सभामंडप बांधत होते, तेव्हाची गोष्ट. केरबा गवंडी — त्याची लाइन म्हणजे विटा सरळ लागाव्यात म्हणून ताणलेली दोरी. इलाही प्लंबर — त्याच्या लाइनीत पाणी. जयसिंग वायरमन — त्याच्या लाइनीत करंट. आमचे पेटीवाले भाऊकाका हसतायत बघा. त्यांना कॉलेजातली लाइन आठवली. काका, काकू पुढंच बसल्यात. सूर सांभाळा.

तर दुपारी जयसिंग मेन स्विचचा खटका पाडून छताला चढला. बाहेर केरबाचा मिक्सर थांबला. आत सिमेंटचा माल आळायला लागला, आणि केरबा तापायला.

"जयसिंगा, झालं का रे?"

त्यानं पुन्हा एक हाक मारली.

इलाही म्हणाला, "जेवायला गेला असंल, दादा. करा खटका वर."

केरबा बोर्डाशी गेला. बघतो तर खटक्याच्या दांड्याला जेवणाचा डबा टांगलेला. "ही काय खुंटी आहे?" म्हणत त्यानं डबा काढला. एका हातात डबा, दुसरा हात खटक्यावर—

खरं सांगा, तुमचा हात थांबला असता?

केरबाचा थांबला. डबा जड लागला. फडक्याची गाठ तशीच. जेवायला गेलेला माणूस भाकरी मागं ठेवून जाईल कसा?

डबा घेऊनच तो मंडपात आला. वर बघितलं. शिडीच्या टोकाला जयसिंग, दोन्ही हातांत उघड्या तारा.

केरबानं डबा वर धरून दाखवला. "अरे, ओ द्यायला काय झालं होतं?"

जयसिंगानं तोंडातली पक्कड काढली. "दातात ही होती, दादा."

"मग सांगून चढायचं. लाइन बंद ठेवा म्हणायचं."

"म्हटलं असतं, तर तुम्ही दोरी गुंडाळली असती आणि इलाहीनं पाणी तोडलं असतं. म्हणून डबा टांगतो. डबा सगळ्यांना कळतो."

हसलात. हसा. पण मंडळी, घरी आपण काय करतो? "झालं का गं?" विचारतो, उत्तर येईपर्यंत दम नाही, लगेच आवाज चढवतो. ती बाई त्या वेळी कुठल्या शिडीवर उभी आहे, हे बघायला कोण उठतं? आज घरी गेल्यावर तेवढं करा. ओरडायच्या आधी दोन पावलं आत जाऊन बघा.

जयसिंगाचे वडीलही वायरमन होते. ते खांबावर असताना खाली कुणीतरी खटका वर केला. शॉक लागून ते वारले, त्या दिवशी त्यांचा डबा सायकललाच होता.