जतच्या माळावरची अडलेली हरणी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दादासो सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉक्टर संयोगिता मॅडम, आणि जतच्या उन्हातून इथवर आलेल्या बंधू-भगिनींनो,

मॅडमनी किती जनावरं वाचवली, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी वनरक्षक मल्हार. मला आठवतं ते न वाचलेलं जनावर. सांगू ना? मॅडमनी मान हलवली, म्हणजे परवानगी आहे.

गेल्या उन्हाळ्यात मेंढरं राखणाऱ्या हरणाबाईंना माळावर चिंकारा हरणी अडलेली दिसली. पिल्लाचे पाय बाहेर, डोकं आत. त्यांनी मला कळवलं, मी मॅडमना. आम्ही पोचलो तेव्हा हरणाबाई म्हणाल्या, मेंढी असती तर कवाच सोडवली असती. पण रानातलं जनावर माणसानं धरलं की भीतीनंच जीव सोडतं, हे मॅडमनी समजावलं. मग बेशुद्ध करावं? ते औषध आणणारी गाडी वाटेतच बंद पडलेली.

आम्ही लांबून बघत बसलो. हरणी उठायची, कळ द्यायची, पुन्हा बसायची. अध्यक्ष महोदय, अंगावर सरकारी गणवेश असताना असं नुसतं बसणं काय असतं, कसं सांगू?

शेवटी तिला उठवेना. तेव्हा मॅडम पुढं झाल्या. तिच्या डोळ्यांवर ओढणी टाकली, मी पाय धरले. मॅडमनी पिल्लाची मागं वळलेली मान हळूहळू सरळ केली. पिल्लू निघालं, पण ते आतच मेलेलं होतं. ओढणी काढून आम्ही मागं सरलो. हरणी उभी राहिली, थोडी चालली आणि कोसळली. मॅडमनी तिच्या छातीला हात लावून पाहिला. संपलं होतं.

हरणाबाईंनी विचारलं, "बाई, धरली नसती तर जगली असती का वं?"

मॅडम म्हणाल्या, "नाही, मावशी. धरूनही जगली नाही."

हरणाबाईंनी घागर उचलून मॅडमच्या हातांवर पाणी घातलं. टँकरचं पाणी, पण त्या ओतत राहिल्या आणि मॅडम हात चोळत राहिल्या. अखेर हरणाबाई हळूच म्हणाल्या, "बाई, संपलं पाणी."

मॅडम, परवा त्याच माळावर एक गाभण हरणी दिसली. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. आता फोन कुणाला करू?

ही विचारायची जागा नव्हे, कळतं मला. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आपण ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे.