दर रविवारी भरलेली बॅग

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, कृत्रिम पायांच्या आमच्या कार्यशाळेतले माझे सर्व सहकारी, आणि लिफ्ट बंद असताना तीन जिने चढून, आम्हीच बनवलेल्या पायांवर इथवर आलेले आमचे जुने रुग्ण, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीला दहा मिनिटं, म्हणजे हिशेब फारसा वाईट नाही. माझ्याआधी चार जण बोलले. त्यांनी माझ्याबद्दल जे सांगितलं ते ऐकून मला दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं, की अशी कोणी बाई खरंच इथे बसली आहे का. साच्याचं प्लास्टर उरलं म्हणून मी ज्यांच्यावर ओरडले, तेही आज गोड बोलले. निरोपाच्या दिवशी माणसं उदार होतात, हे मी समजू शकते.

पण हे मानपत्र माझ्या हातात आहे आणि त्यातलं एक वाक्य मला गिळता येत नाही. 'वेगळ्या देशातल्या, वेगळ्या धर्मातल्या, वेगळ्या भाषेतल्या दोन मुलांना पोटच्या मायेने वाढवून, जाणीवपूर्वक जगणाऱ्या कुटुंबाचा आदर्श घालून देणाऱ्या.' लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे. मजकूर मात्र तपासायला हवा होता.

मंडळी, मी आज आभार मानायला उभी आहे, हे खरं. पण त्याहून जास्त मी एक माफी मागायला उभी आहे. जिची मागायची ती चौथ्या रांगेत बसली आहे. माझी धाकटी. अठरा वर्षं मी ती माफी पुढे ढकलली. परवा ती कामासाठी तीन वर्षं जाते आहे, आणि जाते आहे ती तिचा जन्म झाला त्याच देशात. आता आणखी ढकलायला जागा उरली नाही. ही गोष्ट सांगू का, असं मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, "सांग, पण लांबवू नकोस." प्रयत्न करते.

आमचा थोरला तीन वर्षांचा असताना घरी आला. त्याच्यानंतर आठ वर्षांनी धाकटी आली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मुलं दत्तक घेताना लोक काय काय करतात मला ठाऊक नाही. मी पुस्तकं वाचली. खाली रेघा मारून वाचली. आमच्या ह्यांना वाचून दाखवली. ते नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते, त्यामुळे कोणतीही गोष्ट आखून दिली की ती पाळायची हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आम्ही घराचे नियम आखले. जेवताना रेडिओ बंद. विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, अगदी मायेनेसुद्धा नाही. ज्याची जी प्रार्थना असेल ती त्याने करावी, बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसावं. थोरल्याची प्रार्थना वेगळी होती, धाकटीची वेगळी. ह्यांची कुठलीच नव्हती, पण गप्प बसायला ते नेहमीच तयार असत.

आणि सगळ्यात मोठा नियम असा, की मुलाचं मागचं आयुष्य पुसायचं नाही. दत्तक संस्थेतल्या समुपदेशक बाईंनी ते आम्हाला बजावून सांगितलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पाळणाऱ्यांचं.

धाकटी येताना एक कापडी बॅग घेऊन आली होती. दोन फ्रॉक, एक स्वेटर, एक टॉवेल, बुटांचा एक जोड. आम्ही ठरवलं की ही बॅग तिची आहे, तिच्यातलं काही आपल्या कपाटात मिसळायचं नाही. दाराजवळच्या कमी उंचीच्या फळीवर, तिचा हात पोहोचेल अशी ती ठेवली. दर रविवारी न्याहारी झाली की मी ती बॅग काढायची, कपडे दोरीवर टाकून वारा द्यायचा, इस्त्री करायची, घड्या घालायच्या, पुन्हा नीट भरून ठेवायचं. फ्रॉक तोकडे झाले तेव्हा मी तशाच रंगाचे, एक माप मोठे आणले आणि बॅगेत ठेवले. तिची बॅग कधी अपुरी पडू नये म्हणून. काय सांगू तुम्हाला, मला माझं केवढं कौतुक वाटायचं!

शिवाय आम्ही तिची भाषा शिकलो. घरातल्या तिघांनी मिळून दोनशे शब्द. ह्यांना त्या भाषेत आजही फक्त पाणी मागता येतं आणि हवेबद्दल बोलता येतं, तरी ते जिद्दीने बोलायचे. तिच्यासमोर मराठी नाही, असा ठरावच होता. आम्ही आपापसात मराठीत बोलत असलो आणि ती खोलीत आली, की तिघेही एकदम थांबून तिच्या भाषेत सुरू करायचो. आज विचार करा, खोलीत पाऊल टाकताच सगळ्यांचं बोलणं बदलतं, हे आठ वर्षांच्या पोरीला कसं वाटत असेल? आम्हाला वाटायचं, आपण तिचा मान राखतो आहोत.

रविवारी बॅग भरून झाली की धाकटी एक गोष्ट करायची. त्या बॅगेतले जुने बूट पायात चढवायची, नाड्या घट्ट आवळायची आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसायची. जेवायला हाक मारेपर्यंत बसून असायची. आम्ही एकमेकांना खुणा करायचो, बोलू नका, तिला तिची माणसं आठवत असतील. तिला मोकळीक म्हणून आम्ही आतल्या खोलीत जाऊन बसायचो. असे अकरा महिने गेले. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास रविवार.

आता थोडं कामाबद्दल बोलते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवा पाय बसवला की आम्ही रुग्णाला विचारतो, कुठे टोचतंय का. बरेच जण नाही म्हणतात. त्या वर्षी एक निवृत्त बसचालक आमच्याकडे येत असत. दर खेपेला म्हणायचे, "फार छान आहे बाई, काही त्रास नाही." एका शनिवारी मी त्यांचा पाय उतरवून बघितला तर आतल्या मोज्याला रक्त लागलेलं. मी रागावले. तर म्हणतात, "एवढ्या मायेने करून दिलंत, त्याला नावं कशी ठेवायची?" त्या दिवसापासून आपल्या कार्यशाळेत एक पद्धत पडली, आणि आज इथे बसलेल्या नव्या मुलांना मी ती पुन्हा सांगते. रुग्णाला विचारा, पण त्याच्या उत्तरावर थांबू नका. दहा मिनिटं चालवा, पाय उतरवा आणि कातडी बघा. लाल डाग कुठे उठला आहे, ते बघा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बॅग भरून झाली. धाकटी बूट घालून स्टुलावर बसली. आणि पहिल्यांदाच माझी नजर तिच्या बुटांवर गेली. फ्रॉक बदलले, स्वेटर बदलला, बूट मात्र ती आली तेव्हाचेच. दिवसभर लोकांचे पाय मोजणारी बाई मी, घरातल्या पोरीच्या पायांकडे अकरा महिने बघितलं नव्हतं.

मी खाली बसले, आणि न विचारता तिच्या पायाला हात लावला. घरातला नियम मीच मोडला. नाड्या सोडल्या, बूट ओढून काढले. दोन्ही टाचा सोललेल्या. करंगळ्या लाल. एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

मी तिच्या भाषेत विचारलं, कधीपासून दुखतंय? तिने स्वच्छ मराठीत उत्तर दिलं. थोरल्याने अंगणात खेळता खेळता ठराव मोडून तिला शिकवलं होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

"रविवारीच दुखतं."

"मग घालतेस कशाला?"

"जायचं असतं ना."

"कुठे जायचं असतं?"

"ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "दर रविवारी तुम्ही माझी बॅग भरता. मी तयार होऊन बसते. आणि मग कोणी येतच नाही."

ह्यांच्या हातात दोरीवरून काढलेला घरातला टॉवेल होता. तो त्यांनी खुर्चीवर टाकला. थोरला दारात उभा होता, बारा वर्षांचा. तो म्हणाला, "म्हणजे ती राहणार आहे? मग माझ्या कपाटातला एक खण तिला द्यायला हवा." ऐकलंत? त्यालाही आम्ही हे सांगितलं नव्हतं. घरातल्या चौघांपैकी दोघांना माहीत होतं आणि ते दोघे इस्त्री करत होते.

तो कुरकुरत खण रिकामा करायला गेला. आमचे हे, जे आठवड्यात चार वाक्यं बोलतात, ते तिच्यासमोर बसून म्हणाले, "कायमची राहणार आहेस तू. कळलं का? कायमची." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हे घर तुझंच आहे, तुला हवे तितके दिवस राहा." पुस्तकातलं वाक्य. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिवस?" मी हळद आणायला उठले.

पुढची वर्षं चांगली गेली. कपाटावरून भांडणं झाली, दारं आपटली गेली, मी दोघांनाही यथेच्छ बोलले. मानपत्रात लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच ती चांगली होती असं मला वाटतं. धाकटी रसायनशास्त्र शिकली, पाणी तपासायचं काम करू लागली. आता तिच्या जन्माच्या देशात तिला तेच काम मिळालं आहे. तिने जावंच. त्यात मला शंका नाही.

पण गेल्या महिन्यात भाजी निवडताना तिने मला विचारलं, "आई, तिकडचं काम लांबलं, तिकडेच राहावं लागलं तर?" मी म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर, आम्ही आड येणार नाही." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. दोन दिवसांनी कार्यशाळेत सॉकेटची, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीची, कड कानशीने घासताना माझा हात थांबला. मी पुन्हा तेच केलं होतं. मोकळीक देता देता पोरीला पुन्हा दाराशी नेऊन बसवलं होतं.

सहकाऱ्यांनो, तुम्ही मला चौतीस वर्षं सांभाळून घेतलंत. माझा आवाज, माझी घाई, माझं अर्ध्या मिलीमीटरसाठी अडून बसणं. तुमचे उपकार मी विसरणार नाही. अधीक्षकसाहेब, हा समारंभ आणि हे मानपत्र यांबद्दल मी ऋणी आहे. त्यातलं 'आदर्श' एवढं खोडलं तर मी ते घरी भिंतीवर लावीन. दहा मिनिटांची मर्यादा मी केव्हाच ओलांडली आहे, तेही पोटात घ्यावं.

भाषण संपवताना काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर क्षमा असावी, असं सभेला म्हणायचं असतं. सभेने आज मला थोडा वेळ द्यावा, ती क्षमा मला एकाच व्यक्तीकडे मागायची आहे.

बाळ, दर रविवारी तुझी बॅग भरली, त्याबद्दल मला माफ कर. हवे तितके दिवस राहा म्हणाले, त्याबद्दलही कर. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तुला अठरा वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं, आणि गेल्या महिन्यातही. लेकरावर आपल्या इच्छेचं ओझं टाकू नये असं मी वाचलं आहे. ते बरोबरही असेल. तरी मी आज टाकते. तू जा, काम कर, आणि परत ये. तुला योग्य वाटलं तर नव्हे. मला तू हवी आहेस, म्हणून ये.